मेड इन जी.डी.आर.

आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर एक टूलमेकर्स मायक्रोस्कोप आहे. मेकॅनिकलच्या सगळ्यांनी त्याच्यावर कधी ना कधी स्क्रू थ्रेडचा पिच आणि अँगल मोजलाय. राखाडी रंग, वजन एवढं की हलवायला दोन माणसं लागतात. त्याच्या बुडाशी एक छोटी पट्टी आहे : कार्ल झाइस येना, आणि त्याखाली, मेड इन जी.डी.आर. मागच्या सेमिस्टरला रीडिंग घेताना माझ्या पार्टनरने विचारलं, "जी.डी.आर. ही कुठली कंपनी गं?" खरं सांगायचं तर मीही तिला कंपनीच समजत होते. लॅबमधले काका हसले. म्हणाले, "कंपनी नाही पोरींनो, देश होता. आता नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. देश गेला आणि त्याने बनवलेलं यंत्र अजून शंभरांश मिलिमीटर बरोबर दाखवतंय, हे कसं? आमच्या इंग्रजी शाळेत दहावीला शीतयुद्ध दीड पानात उरकलं होतं आणि बर्लिनची भिंत 'गिव्ह रीझन्स'च्या एका प्रश्नात. म्हणून सुट्टीत जरा बसून वाचलं. जे समजलं ते इथे मांडते आहे. मराठीत एवढं लांब लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन संपादक मंडळाने तपासलं आहे, तेव्हा उरलेल्या चुका निम्म्या त्यांच्या.

जी.डी.आर. म्हणजे जर्मन डेमोक्रॅटिक रिपब्लिक, आपण ज्याला पूर्व जर्मनी म्हणतो तो देश. जन्म ७ ऑक्टोबर १९४९, शेवट ३ ऑक्टोबर १९९०. म्हणजे एक्केचाळीस वर्षंही पुरी भरली नाहीत. पण तो एकटा नव्हता. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सोव्हिएत युनियन, असा तो अख्खा गट होता. अल्बानिया सुरुवातीला होता, पुढे फुटला. युगोस्लाव्हियाच्या टिटोचं स्टॅलिनशी १९४८ मध्येच बिनसलं.

हा गट कसा तयार झाला याचं एका ओळीत उत्तर द्यायचं तर : १९४५ मध्ये जिथे रेड आर्मी येऊन थांबली, तिथपर्यंत गट. पण एवढं सोपंही नाही. चेकोस्लोव्हाकियात १९४६ ला खरोखरची निवडणूक झाली आणि कम्युनिस्टांना ३८ टक्के मतं पडली. युद्धात नाझींशी लढले ते हेच, अशी लोकांची भावना होती. मात्र नंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी सत्ता ताब्यात घेतली ती मतांनी नाही. पोलंडमधल्या १९४७ च्या निवडणुकीबद्दल तर बोलायलाच नको. हंगेरीत विरोधी पक्ष एकेक करून कापत नेले, आणि या पद्धतीला 'सलामी' असं नावच पडलं. (सलामी म्हणजे तिकडचं सॉसेज, पातळ चकत्या करून खायचं. परेडची सलामी नव्हे.)

आता आपल्या मायक्रोस्कोपचं गाव बघा. येना हे थुरिंगिया प्रांतातलं शहर. एप्रिल १९४५ मध्ये तिथे आधी पोचले अमेरिकन. पण दोस्त राष्ट्रांमध्ये ठरल्याप्रमाणे तो भाग रशियनांना द्यायचा होता. अमेरिकनांनी जाताना काय केलं? झाइसचे ऐंशीच्या आसपास शास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि अधिकारी गाड्यांत घालून पश्चिमेला नेले. त्यांच्यातून ओबरकोखेन इथे दुसरी झाइस उभी राहिली. मग रशियन आले. युद्धाची भरपाई म्हणून त्यांनी कारखान्यातली बहुतेक यंत्रं काढून नेली, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये उरलेल्यांपैकी बरेच तज्ज्ञही. एकाने डोकी नेली, दुसऱ्याने मशीन्स. मागे राहिले कामगार आणि चार भिंती. १९४८ मध्ये या कारखान्याचं सरकारीकरण झालं आणि त्या माणसांनी तो पुन्हा उभा केला. नंतर दोन झाइस नावासाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. आपल्या लॅबमधली पट्टी 'येना' असं जे ठासून सांगते ते त्यामुळेच.

मला वाटतं या गटाकडे बघताना हे विसरून चालणार नाही. पश्चिम जर्मनीला मार्शल प्लॅनचे डॉलर मिळाले. पूर्वेला मिळाली रिकामी शेड. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला १९४७ मध्ये मार्शल प्लॅन घ्यायची इच्छा होती, स्टॅलिनने अडवलं. त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९४९ मध्ये कोमेकॉन निघालं, म्हणजे या देशांची आपापसातली आर्थिक सहकार्य परिषद. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत गेल्यावर लगेच वॉर्सा करार झाला, ती लष्करी बाजू.

कोमेकॉनची कल्पना कागदावर बघितली तर कुठल्याही इंडस्ट्रियल इंजिनिअरला आवडेल अशी. प्रत्येकाने सगळं बनवायचं नाही, वाटून घ्यायचं. बस हंगेरीने बनवायच्या, ती प्रसिद्ध इकारुस. ट्राम प्रागमध्ये, तात्रा टी-३ नावाचं मॉडेल जवळजवळ १४,००० निघालं. जहाजं पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये, ऑप्टिक्स येनात. आणि तेल रशियातून. त्यासाठी ४,००० किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकली, १९६४ मध्ये सुरू झाली, नाव 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री. विजेची ग्रिडही एकमेकांना जोडली, तिचं नाव 'मीर', म्हणजे शांती. नावं ठेवण्यात हे लोक फारच हुशार होते.

सुरुवातीची वीस वर्षं हे चाललंही. उद्ध्वस्त शहरं बांधून काढली, शाळा-दवाखाने उभे राहिले, कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या भिंती जागेवर नेऊन जोडायच्या या पद्धतीने लाखो घरं झाली. पूर्व जर्मनीत नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होतं, पाळणाघरं सरकारी होती. आमच्या क्लासमध्ये साठात आम्ही सात मुली आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मग बिघडलं कुठे? हाच खरा प्रश्न आहे आणि यावर आमच्या विंगमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं झाली आहेत. एक पार्टी म्हणते, "तत्त्व चांगलं होतं, माणसं वाईट निघाली." दुसरी म्हणते, "तत्त्वच चुकीचं." मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. इंजिनिअरने विचारायचं ते असं, की माहिती कुठून कुठे जात होती आणि फीडबॅक कुठे तुटला?

बाजार असतो तिथे किंमत हा एक सिग्नल असतो. माल खपला नाही की किंमत पडते, कंपनी बुडते, म्हणजे सिग्नल बऱ्यापैकी क्रूर असतो. योजनेत तो सिग्नल काढून टाकला आणि त्याजागी आकडा ठेवला. अमुक टन, अमुक नग. आकडा वरून येणार, आकडा भरला की बोनस. आणि यावर्षी तुम्ही एकशे दहा टक्के केलं तर पुढच्या वर्षीचा आकडा त्यावरून ठरणार. मग कुठला मॅनेजर एकशे दहा टक्के करेल? तो एकशे एक करतो, उरलेली क्षमता लपवतो आणि कच्चा माल जरुरीपेक्षा जास्त मागून साठवतो, कारण पुढच्या महिन्यात मिळेल याची खात्री नाही. सगळ्यांनी साठवल्यामुळे सगळीकडे तुटवडा. हंगेरीचा अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई याने १९८० मध्ये या तुटवड्याच्या अर्थशास्त्रावर पुस्तकच लिहिलं, आणि तेही हंगेरीत राहून. त्याचा दुसरा मुद्दा असा, की कारखाना कितीही तोट्यात गेला तरी सरकार भरून देणार हे माहीत असलं की कोणी खर्चाकडे बघत नाही.

आणि आकडा खोटा असेल तर? मित्रांनो, आपल्याला हे कळायला अर्थशास्त्र नको. आपण प्रॅक्टिकलला काय करतो? स्टँडर्ड व्हॅल्यू आधी बघतो, मग उलटं गणित करून रीडिंग भरतो. जर्नल सुंदर दिसतं, एरर दोन टक्क्यांच्या आत. सर सही करतात. सरांना माहीत, आम्हाला माहीत. आता अशी साठ जर्नलं एकत्र करून त्यावर कोणी पूल बांधायचं ठरवलं तर? पूर्व युरोपच्या नियोजन मंडळांसमोर जी जर्नलं येत होती ती बरीचशी या जातीची होती.

दुसरं उदाहरण कॉम्प्युटरचं. सोव्हिएत शास्त्रज्ञांची स्वतःची चांगली डिझाइन्स होती. पण साठच्या दशकाच्या शेवटी ठरलं की आयबीएमच्या सिस्टिम ३६० ची नक्कल करायची, आणि गटातल्या देशांनी मिळून 'ई.एस.' नावाची मालिका काढली. म्हणजे सरळ भाषेत, जी.टी. मारली! खाली ट्यूबलाइट, वर काच, आणि दुसऱ्याची शीट. जी.टी. मारून शीट पूर्ण होते, पण ओरलला तोंड उघडता येत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव. आणि तुम्ही छापेपर्यंत त्या माणसाची पुढची शीट तयार झालेली असते. ही मशीन्स बाजारात येईपर्यंत आयबीएम पुढच्या पिढीवर गेली होती.

लोकांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं असंही नाही. १७ जून १९५३ ला पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला, कारण काय तर त्याच पगारात कामाचा कोटा दहा टक्क्यांनी वाढवला. कामगारांच्या राज्यात कामगारांवर रणगाडे! १९५६ मध्ये हंगेरी. तिथे सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख देश सोडून गेले, आणि पंतप्रधान इम्रे नॉजला १९५८ मध्ये फाशी दिलं. १९६८ मध्ये प्रागमध्ये दुबचेक म्हणत होता की समाजवाद ठेवू पण वर्तमानपत्रांना बोलू द्या, तर २० ऑगस्टच्या रात्री रणगाडे तिथेही. मला वैयक्तिकरीत्या प्रागची गोष्ट सगळ्यांत जास्त लागली. कारण तिथे सुधारणा पक्षाच्या आतूनच येत होती. सिस्टिमने स्वतः पाठवलेला करेक्शन सिग्नल सिस्टिमनेच दाबला.

आणि १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत. तोपर्यंत पूर्व जर्मनीतून पंचवीस लाखांहून जास्त लोक पश्चिमेला निघून गेले होते, त्यात डॉक्टर, इंजिनिअर, तरुण जास्त. पश्चिम बर्लिनभोवती सुमारे १५५ किलोमीटरचा वेढा घातला. किमान १४० माणसं त्या भिंतीपाशी जिवाला मुकली. कुठल्याही युक्तिवादाने हे झाकता येत नाही, असं माझं मत आहे. आमच्या विंगमधली पहिली पार्टी इथे गप्प बसते.

भिंतीच्या आत मात्र संसार चालूच होता. ट्राबांट गाडी ऐकलीय? टू-स्ट्रोक इंजिन, आणि बॉडी पत्र्याची नाही. पोलादाचा पत्रा मिळत नव्हता म्हणून कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉल रेझिन दाबून पॅनेल बनवले. मटेरियल सायन्सच्या दृष्टीने झकास आयडिया! १९५७ ते १९९१ मध्ये तीस लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, आणि बुकिंग केल्यावर दहा-बारा वर्षं थांबायला लागायचं. हसू नका, आपल्याकडे बजाज चेतकसाठीही लोक वर्षानुवर्षं थांबलेत. फरक एवढाच की तीस वर्षांत ट्राबांटमध्ये फारसा बदलच झाला नाही. तिथल्या इंजिनिअरांनी नवीन मॉडेलची डिझाइन्स केली होती, वरून मंजुरी मिळाली नाही. त्या इंजिनिअरांचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरच्या दशकात तेलाचं प्रकरण आलं. १९७३ ला जगात तेल भडकलं. गटात मात्र १९७५ पासून रशियन तेलाचा भाव मागच्या काही वर्षांच्या, पुढे पाच वर्षांच्या जागतिक सरासरीवर ठरायला लागला. सिग्नल्सवाल्यांना कळलंच असेल, हा मूव्हिंग अॅव्हरेज फिल्टर आहे. धक्का लगेच बसत नाही, उशिरा बसतो. सुरुवातीला स्वस्त तेल मिळालं, पूर्व जर्मनीने तर ते रिफाइन करून पश्चिमेला विकून डॉलर कमावले. पण १९८६ मध्ये जगात तेल कोसळलं तेव्हा हे देश अजून जुन्या महाग सरासरीनेच पैसे भरत होते. फिल्टरचा लॅग दोन्ही बाजूंनी असतो.

त्याच काळात पोलंडने पश्चिमेकडून कर्ज काढून कारखाने घेतले. माल विकून फेडू, असा हिशेब. पण माल विकण्यासारखा निघाला नाही. १९८० पर्यंत कर्ज वीस अब्ज डॉलरच्या वर गेलं. मांस महाग केलं, संप झाले. ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या शिपयार्डात आना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला पाच महिने असताना कामावरून काढलं, आणि तिथून जो संप पेटला त्यातून सॉलिडॅरिटी जन्माला आली. तिचा नेता लेख वालेंसा, इलेक्ट्रिशियन. सभासद जवळपास एक कोटी. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लावून ती दडपली खरी, पण संपली नाही. उलट टोक रुमानियाचं. चाउशेस्कूने सगळं कर्ज फेडायचंच ठरवलं आणि लोकांची वीज, हीटर, अन्न तोडून एप्रिल १९८९ मध्ये फेडून दाखवलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या.

आपल्या झाइसचं काय चाललं होतं? १२ सप्टेंबर १९८८ ला झाइसच्या महासंचालकाने राष्ट्रप्रमुख होनेकर यांच्या हातात पूर्व जर्मनीत बनलेली पहिली एक मेगाबिटची मेमरी चिप ठेवली. पेपरात मोठे फोटो. पश्चिमेने चिप्स विकायला बंदी घातलेली, त्यामुळे सगळं घरी बनवायचा हट्ट. त्यात देशाचा अमाप पैसा गेला. चिप चालायची, पण जपानमध्ये तीच लाखांनी बनत होती आणि इथली पडत होती कितीतरी पट महाग. वर्षभराने, ऑक्टोबर १९८९ च्या शेवटी, नियोजन मंडळाचे प्रमुख शूरर यांनी पक्षापुढे पहिल्यांदा खरं रीडिंग ठेवलं : फक्त कर्ज वाढणं थांबवायचं म्हटलं तरी पुढच्या वर्षी लोकांचं राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल.

दहा दिवसांनी भिंतच गेली. तो किस्सा सांगायलाच हवा. गोर्बाचेव्हनी आता रणगाडे येणार नाहीत हे स्पष्ट केलं होतं. जून १९८९ मध्ये पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा घेतल्या होत्या. सप्टेंबरमध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा उघडली, तिकडून पूर्व जर्मन हजारोंनी पळाले. ९ नोव्हेंबरला संध्याकाळी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांची पत्रकार परिषद होती. प्रवासाच्या नवीन नियमांचा कागद त्यांना ऐनवेळी दिला होता, तो त्यांनी नीट वाचलेला नव्हता. नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचा होता, तोही रीतसर अर्ज करून. कोणीतरी विचारलं, कधीपासून? त्यांनी कागद चाळला आणि सांगितलं, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर लाइव्ह! लोक नाक्यांवर जमले, पहारेकऱ्यांना वरून काही ऑर्डर नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्याचं फाटक उघडलं. न वाचता ओरलला गेलं की काय होतं ते बघा.

पुढचं पटापट झालं. प्राग, सोफिया, बुखारेस्ट, सगळं डिसेंबरपर्यंत. जर्मनी १९९० मध्ये एक झाली. कोमेकॉन २८ जून १९९१ ला आणि वॉर्सा करार १ जुलैला विसर्जित. डिसेंबरमध्ये सोव्हिएत युनियनही.

इथे आमच्या दुसऱ्या पार्टीने ऐकावं. १ जुलै १९९० ला पूर्वेत एका रात्रीत पश्चिमेचा मार्क आला, पगार एकास एक दराने बदलले. म्हणजे कारखान्यांचा खर्च एकदम कित्येक पट वाढला, आणि त्यांची गिऱ्हाइकं, पोलंड-रशिया, त्यांच्याकडे मार्क कुठून असणार? हजारो कारखाने एका सरकारी संस्थेमार्फत विकले किंवा बंद केले, लाखो बेकार झाले. येनात झाइसचे दोन भाग केले. एक ओबरकोखेनच्या झाइसकडे गेला, दुसरा येनऑप्टिक म्हणून राहिला. दोन्ही आजही उत्तम चालतात, पण त्याआधी हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी आपला मायक्रोस्कोप बनवला त्यातलेही काही असतील.

मागे काय उरलं? तारा आणि पाइप बऱ्याच उरल्या. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाले, २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेले, पण त्यांच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी मॉस्कोहूनच सांभाळली जात होती. ८ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी ती जोडणी तोडली आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या ग्रिडशी सिंक्रोनाइझ झाले. देश सुटायला महिने लागले आणि पन्नास हर्ट्झ सुटायला तेहेतीस वर्षं! हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया, बल्गेरियात रशियन पद्धतीच्या व्ही.व्ही.ई.आर. अणुभट्ट्या चालतात. त्याच जातकुळीच्या आपल्या कुडनकुलमलाही आहेत, त्याचा करारही १९८८ चाच. पूर्व जर्मन गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, फायली १११ किलोमीटर भरतात, आणि कायद्याने माणूस स्वतःची फाइल मागून वाचू शकतो. काहींना त्यात खबऱ्या म्हणून स्वतःच्या मित्राचं नाव सापडलं. आणि २०२५ च्या जर्मन निवडणुकीचा नकाशा बघितलात तर जुनी सीमा रंगात स्पष्ट दिसते.

आपल्याकडेही थोडं उरलंय. गावाकडे दुधाचे कॅन लटकवून जाणारी राजदूत मूळची पोलिश एस.एच.एल., आणि येझदीची आई चेक जावा. १९८४ मध्ये राकेश शर्मांनी अंतराळातून भारताचे जे फोटो काढले त्यासाठीचा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा येनाचा होता. हे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन त्या मायक्रोस्कोपवरची धूळ पुसली. काका म्हणाले, "आज काय, व्हायवा आहे का?"

परवा कळलं की या वर्षीच्या डेड स्टॉकच्या तपासणीत त्याचं नाव राइट-ऑफच्या यादीत आहे. डिजिटल रीडआउटवाला नवीन येतोय, तो हवाच, तक्रार नाही. आम्ही चौघींनी एच.ओ.डी. सरांना अर्ज दिलाय की जुना भंगारात न देता पट्टीसकट कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटात ठेवावा. सर म्हणाले, "बघू."